पासवर्ड होता, तरी खातं उघडेना

डिसेंबर २०१२. बर्लिनमध्ये पंधरा वर्षांची एक मुलगी भुयारी रेल्वेखाली सापडून मरण पावली. अपघात झाला की तिने जीव दिला, हे आईवडिलांना कळेना. तिच्या फेसबुकवरच्या मेसेजमध्ये काही सापडेल, एवढीच आशा होती. मुलीचा पासवर्ड आईला माहीत होता. पण मृत्यूची खबर आधीच पोहोचली होती आणि फेसबुकने ते खातं स्मृतिखातं करून टाकलं होतं. पासवर्ड बरोबर असूनही लॉगइन होईना.

प्रकरण कोर्टात गेलं. फेसबुकचा मुद्दा उडवून लावण्यासारखा नव्हता. चॅट काही एकट्या मुलीचं नसतं. मैत्रिणींनी मन मोकळं केलं ते तिच्यापाशी, तिच्या आईपाशी नव्हे. खालच्या कोर्टात आईवडील जिंकले, वरच्या कोर्टात हरले. अखेर १२ जुलै २०१८ रोजी जर्मनीच्या सर्वोच्च दिवाणी न्यायालयाने त्यांच्या बाजूने कौल दिला. माणसाची पत्रं आणि डायऱ्या वारसांकडे जातात, तसंच खात्याचा करारही जातो, असं न्यायालय म्हणालं. त्यावर फेसबुकने काय द्यावं? चौदा हजारांहून अधिक पानांची पीडीएफ असलेला एक पेन ड्राइव्ह! पोटची पोर गमावलेल्या आईने त्यात काय आणि कसं शोधायचं? २०२०मध्ये न्यायालयाला पुन्हा बजावावं लागलं, की मुलीला खातं जसं दिसायचं तसंच आईवडिलांना पाहता आलं पाहिजे.

निकाल मला योग्य वाटतो, पण त्या मैत्रिणींचा विचार मनातून जात नाही. त्या जिवंत होत्या आणि त्यांना कुणी विचारलंच नाही.

आपल्याकडे दिवंगत अभिनेता सुशांतसिंह राजपूतच्या वडिलांच्या दाव्यात दिल्ली उच्च न्यायालयाने २०२३ साली म्हटलं, की खासगीपणाचा हक्क माणसाबरोबरच संपतो. त्याच वर्षीच्या डिजिटल वैयक्तिक डेटा संरक्षण कायद्याच्या कलम १४मध्ये मात्र बँकेत देतो तसा नॉमिनी नेमण्याची सोय आहे. आपल्या मृत्यूनंतर डेटाविषयीचे आपले हक्क तो बजावू शकतो.

पण कायद्याचा हात पोहोचणार तरी कुठवर? व्हॉट्सअ‍ॅपचा मेसेज पाठवणाऱ्याच्या फोनमध्ये कुलूपबंद होतो आणि घेणाऱ्याच्या फोनमध्येच उघडतो. किल्ल्या त्या फोनमध्ये तयार होतात आणि तिथेच राहतात. कंपनीच्या सर्व्हरमधून जातात ती नुसती अगम्य अक्षरं. कोर्टाने हुकूम दिला तरी कंपनी ते चॅट वाचून दाखवू शकत नाही. फोनचं लॉक घरच्यांना उघडता आलं तरच ते दिसणार. २०२३च्या डिसेंबरपासून मेसेंजरवरच्या खासगी गप्पांनाही फेसबुकने हेच कुलूप लावायला सुरुवात केली. म्हणजे खटला जिंकूनही हाती काही न लागण्याची पाळी आता येऊ शकते.

म्हणून आपल्या मागे आपला डेटा कुणाला मिळावा, हा निर्णय ज्याचा त्यानेच हयातीत घेतलेला बरा. फेसबुकवर आपल्या पश्चात खातं सांभाळणारी व्यक्ती नेमता येते, पण तिला मेसेज वाचता येत नाहीत. मला गूगलची सोय अधिक विचारपूर्वक केलेली वाटते. तीन ते अठरा महिन्यांपैकी आपण ठरवू तितका काळ खातं वापरलं गेलं नाही, तर आपण निवडलेल्या माणसांना आपण निवडलेलाच डेटा मिळतो. फोटो बहिणीला द्या, मेल कुणालाच नको, असंही त्यात सांगून ठेवता येतं.