ताबा म्हणजे परवाना : पॅलेस्टिनींच्या रोजच्या जगण्याबद्दलचे गैरसमज

बंगळुरूच्या जे. सी. नगरात म्हैसूर लान्सर्सचे स्मारक आहे. २३ सप्टेंबर १९१८ रोजी ज्या घोडदळाने तुर्कांकडून हैफा घेतले, त्यात हे शिपाई होते. हैफा आज इस्रायलमध्ये आहे. आता ज्याला ‘ताबा’ म्हणतात, तो मात्र १९६७ च्या युद्धात इस्रायलने घेतलेल्या भागांचा : वेस्ट बँक, पूर्व जेरुसलेम आणि गाझा. त्याविषयी आपल्याकडे ज्ञानापेक्षा फॉरवर्डच जास्त फिरतात.

गैरसमज : वेस्ट बँकेत पॅलेस्टिनींचेच राज्य आहे.
वस्तुस्थिती : इस्रायल आणि पॅलेस्टिनींमधल्या १९९५ च्या करारानुसार कारभार आणि बंदोबस्त असे दोन्ही पॅलेस्टिनी प्राधिकरणाकडे आले, ते जेमतेम १८ टक्के भूभागावर. तिथेही इस्रायली लष्कर छापे घालतेच. सुमारे ६० टक्के भाग पूर्णपणे इस्रायलच्या हातात आहे. तिथे घरावर एक खोली चढवायची तरी इस्रायली परवाना लागतो आणि तो क्वचितच मिळतो. बिनपरवाना बांधले की बुलडोझर येतो.

गैरसमज : वेस्ट बँकेतली पाण्याची टंचाई निसर्गाची आहे.
वस्तुस्थिती : निसर्गाचा वाटा आहेच, पण नवी विहीर खणायला १९६७ पासून लष्करी हुकमाने परवानगी घ्यावी लागते. उन्हाळ्यात अनेक गावांत नळाला कित्येक दिवस पाणी येत नाही, म्हणून गच्च्यांवर काळ्या टाक्या मांडलेल्या दिसतात. टँकरची वाट पाहणाऱ्या बंगळुरूकराला टाकी नवी नाही; पण बोअर घ्यायला त्याला परक्या लष्कराच्या दारात जावे लागत नाही.

गैरसमज : इस्रायलने बांधलेली भिंत सीमेवर उभी आहे.
वस्तुस्थिती : आत्मघाती हल्ले रोखण्यासाठी ती २००२ पासून बांधली, असे इस्रायल सांगतो. तिचा सुमारे ८५ टक्के मार्ग मात्र वेस्ट बँकेच्या आतून जातो. कित्येकांचे घर अलीकडे आणि ऑलिव्हची झाडे पलीकडे राहिली. फाटक ठरल्या वेळी उघडते, तेही परवाना असणाऱ्यालाच.

गैरसमज : कायदा सगळ्यांना एकच आहे.
वस्तुस्थिती : वेस्ट बँकेतल्या ज्यू वसाहतीतला आरोपी इस्रायलच्या नागरी न्यायालयात उभा राहतो, शेजारच्या गावातला पॅलेस्टिनी लष्करी न्यायालयात. फरक न्यायालयापुरता नाही : मोबाइलच्या लहरीही इस्रायलच्याच अखत्यारीत. वेस्ट बँकेतल्या पॅलेस्टिनी कंपन्यांना थ्रीजी सुरू करता आले ते थेट जानेवारी २०१८ मध्ये. तोवर आयटीच्या बंगळुरूत फोरजी रुळले होते.

गैरसमज : २००५ मध्ये इस्रायल गाझातून निघून गेला, विषय संपला.
वस्तुस्थिती : सैन्य आणि वसाहती हलल्या, पण आकाश आणि समुद्र इस्रायलच्याच ताब्यात राहिले. हमासने २००७ मध्ये सत्ता घेतल्यावर नाकेबंदी आवळली गेली. ऑक्टोबर २०२३ मधला हमासचा हल्ला आणि त्यानंतरचे युद्ध या सगळ्यानंतरचे आहे.

१९ जुलै २०२४ रोजी आंतरराष्ट्रीय न्यायालयाने हा ताबा बेकायदा असून तो शक्य तितक्या लवकर संपवावा, असे मत दिले; इस्रायलने ते फेटाळले. बाजू कोणतीही घ्या, पण पुढचा फॉरवर्ड ढकलण्याआधी एवढे विचारा : तिथल्या विहिरीचा, खोलीचा आणि फाटकाचा परवाना कोणाच्या हातात आहे?