शेजारधर्म : लेखांक ६
आत कोण आहे?

मागच्या लेखांकानंतर बोरिवलीच्या एका वाचकांनी विचारलं, ‘हिंदू आणि बौद्ध यांत फरक तो काय? दोन्हीकडे लेणी, दोन्हीकडे कर्म, दोन्हीकडे पुनर्जन्म.’ प्रश्न रास्त आहे. उत्तरासाठी ग्रंथ उघडण्याआधी अंधेरीला जाऊन येऊ.

अंधेरी पूर्वेला महाकाली केव्हज रोड सगळ्यांना माहीत आहे. त्या रस्त्याच्या टोकाला असलेल्या लेण्यांत मात्र महाकाली नाही. जवळच तिचं देऊळ आहे, त्यावरून लेण्यांना नाव पडलं. जुनं नाव कोंडिविटे. इथली १९ लेणी बौद्ध आहेत, त्यातली सर्वांत जुनी दोन हजार वर्षांपलीकडची. नवव्या लेण्यात शिरलं की लांबट दालनाच्या टोकाला एक गोल खोली दिसते. तिला दार आणि दगडातच कोरलेल्या जाळीच्या खिडक्या, आणि आत स्तूप. खडक ठिसूळ असल्याने झिजलेला, खरबरीत, नक्षी नसलेला. बाहेरच्या भिंतीवर बुद्धमूर्ती आहेत, पण त्या काही शतकांनंतर कोरलेल्या. मूळ लेणं खोदणाऱ्यांना मूर्तीची गरज वाटली नव्हती.

आता जोगेश्वरीच्या लेण्यात चला. रिक्षाने जवळच आहे. सीप्झच्या गर्दीत सापडलात तर किती वेळ लागेल ते देव जाणे. (आजच्या लेखात हा शब्दप्रयोग जपून करायला हवा.) हे शैव लेणं सहाव्या शतकातलं. पायऱ्या उतरून जमिनीच्या पोटात जावं लागतं. वरून पाणी ठिबकत असतं, खांबांच्या रांगा संपत नाहीत, आणि प्रचंड मंडपाच्या मध्यभागी चौकोनी गाभारा. इथे आजही दिवा लागतो, घंटा वाजते. शंकराचं स्थान तर आहेच, पण जिच्यावरून उपनगराला नाव मिळालं त्या जोगेश्वरीच्या पादुकाही इथेच पूजल्या जातात.

दोन्ही ठिकाणी माणूस काळोखातल्या एका केंद्राकडे चालत जातो, प्रदक्षिणा घालतो. पण जोगेश्वरीच्या गाभाऱ्यात कुणीतरी *आहे*. देवाला काकडआरतीने उठवायचं, आंघोळ घालायची, नैवेद्य दाखवायचा, रात्री शेजारती करून निजवायचं. आपण त्याला पाहायला जातो आणि तो आपल्याला पाहतो, म्हणूनच आपण त्याला दर्शन म्हणतो. कोंडिविट्याच्या स्तूपात कुणी नाही. स्तूप हे गेलेल्या माणसाचं स्मारक, आणि तेही पुन्हा न येण्यासाठी गेलेल्या माणसाचं. त्याच्याकडे नवस बोलायचा तर ऐकणारं कुणी नाही. पुढे महायानात बोधिसत्त्व आले, संकटात धावून येणारा अवलोकितेश्वर आला, हे खरं. कान्हेरीच्या लेण्यांत तो जागोजागी दिसतो. पण मूळ कल्पना ही: देऊळ वर्तमानकाळात असतं, स्तूप भूतकाळात.

हाच फरक माणसाच्या आत नेला की तत्त्वज्ञान सुरू होतं. उपनिषदं, गीता, आपली कीर्तनं सांगत आली की देहाच्या गाभाऱ्यातही कुणीतरी आहे. तो आत्मा. देह पडतो, तो उरतो. बुद्धाने म्हटलं, नीट शोधा. शरीर, वेदना, संज्ञा, संस्कार, विज्ञान हे पाच स्कंध सापडतील, आणि पाचही बदलते. त्यांच्यामागे बसलेला कायमचा मालक सापडणार नाही. याला अनात्मवाद म्हणतात. बाकीचे फरक, म्हणजे वेदांचं प्रामाण्य न मानणं, सृष्टीकर्ता ईश्वर न मानणं, यज्ञ आणि जन्मजात वर्ण नाकारणं, हेही मोठेच. पण वेद किंवा ईश्वर न मानणारे आपल्या परंपरेतही होऊन गेले. सांख्य निरीश्वरवादी, पण पुरुष मानतात. जैन वेद मानत नाहीत, पण जीव मानतात. पुनर्जन्म मानूनही गाभारा रिकामा म्हणण्याचं धाडस बुद्धाचं.

मग आत्मा नसेल तर पुनर्जन्म कुणाचा? हा प्रश्न दोन हजार वर्षांपूर्वी एका ग्रीक राजाने विचारला होता. मिनँडर त्याचं नाव, पालीत मिलिंद. मराठी घरांत हे नाव ठेवताना कुणाच्या मनात तो ग्रीक राजा असतो की नाही, कोण जाणे. भिक्खू नागसेनाने त्याला दिव्याचं उदाहरण दिलं. रात्रभर जळणाऱ्या दिव्याची पहिल्या प्रहरातली ज्योत आणि शेवटच्या प्रहरातली ज्योत एकच का? एकच नाही, वेगळीही नाही. एकीतून दुसरी पेटत जाते, हातातून हातात काही जात नाही. बाबासाहेब आंबेडकर याच्याही पुढे गेले. ‘बुद्ध आणि त्याचा धम्म’ मध्ये त्यांनी आत्म्याचा पुनर्जन्म साफ नाकारला आणि पुनर्जन्माचा अर्थ देहातल्या भौतिक घटकांपुरता लावला.

इतकं असूनही ‘सगळं एकच’ म्हणणारे भेटतात. बुद्धाला विष्णूचा नववा अवतार केलं की प्रश्न मिटला. आपल्या जुन्या दशावतार-चित्रांत तर नवव्या जागी चक्क विठोबा उभा असतो आणि खाली ‘बौद्ध’ लिहिलेलं असतं. १४ ऑक्टोबर १९५६ला नागपुरात बाबासाहेबांनी दिलेल्या २२ प्रतिज्ञांपैकी पाचवी नेमकी यावरच आहे: बुद्ध विष्णूचा अवतार नव्हे. हे निव्वळ तत्त्वज्ञानाचं भांडण नव्हतं. ज्या गाभाऱ्यात पाऊल टाकायला अस्पृश्य ठरवलेल्यांना मज्जाव होता, त्यातल्या देवाचा अवतार म्हणून आपला गुरू परत मिळणं त्यांना नको होतं. २०११च्या जनगणनेत देशातल्या सुमारे ८४ लाख बौद्धांपैकी ६५ लाख महाराष्ट्रातले होते. फरक कुठे आहे, हे त्यांना पुस्तकातून शिकावं लागलं नाही.

जुन्या काळी मात्र सीमा इतकी काटेकोर नव्हती. कोंडिविट्याच्या त्या गोल खोलीच्या जाळीजवळ एक ब्राह्मी लेख आहे. गौतम गोत्राच्या पित्तुल नावाच्या ब्राह्मणाने भावासह विहार दान केल्याचं तो सांगतो. नाशिकच्या लेण्यात ज्याला ‘एकबम्हण’ (अद्वितीय ब्राह्मण) म्हणून गौरवलं, त्याच गौतमीपुत्र सातकर्णी राजाने भिक्खूंना जमिनी दिल्या. गृहस्थाला श्राद्ध घालून भिक्षूला दान देता येत होतं. धर्म बदलल्याचा दाखला कुणी मागत नव्हतं.

श्राद्धावरून आठवलं. मुलुंडला आमच्या सोसायटीत तिसऱ्या मजल्यावरचे शेजारी गेले. फळ्यावर खडूने लिहायचं काम माझ्याकडे असतं. मी सवयीने लिहिलं, ‘ईश्वर मृतात्म्यास शांती देवो.’ संध्याकाळी त्यांचा मुलगा जिन्यात भेटला. म्हणाला, “काका, राग मानू नका. आमच्यात ईश्वर नाही, आत्मा पण नाही. नुसतं ‘भावपूर्ण आदरांजली’ लिहाल का?” एका ओळीत मी दोन चुका केल्या होत्या. ओल्या फडक्याने पुसून नवीन ओळ लिहिली. खाली त्याने सांगितलं तसं: ‘जलदान विधी व पुण्यानुमोदन, रविवार, सकाळी ११.’

रविवारी गेलो. समोर बुद्धाची मूर्ती, बाबासाहेबांची तसबीर आणि त्यांच्या बाजूला शेजाऱ्यांचा फोटो. विधी करणारे बौद्धाचार्य पोस्टात नोकरीला. जन्माने पुरोहित असा प्रकारच नाही. त्रिशरण-पंचशील झालं, मग चारपाच जण शेजाऱ्यांविषयी बोलले. त्यांनी कुणाच्या मुलीची फी भरली होती, हे आम्हाला तिथे कळलं. केलेल्या चांगल्या कामाचं अनुमोदन करायचं, म्हणून पुण्यानुमोदन. सहाव्या प्रतिज्ञेने पिंडदान सुटलं, कारण पिंड पोचायला पलीकडे कुणी थांबलेलंच नाही.

जेवणं सुरू झाली तेव्हा खिडकीच्या ग्रिलवर एक कावळा येऊन बसला. माझं सगळं लक्ष तिकडे. वाढणाऱ्या मुलीने त्याला हाकललं आणि माझ्या पानात भात वाढला.

(पुढील लेखांक : कान्हेरीची पाण्याची टाकी आणि भिक्खूंच्या ठेवी)