गोचीड : घालवावा कसा आणि सांगावा कुणाला?

एखादा माणूस पिच्छा सोडत नसेल तर ‘गोचिडासारखा चिकटलाय’ असे आपण म्हणतो. खेड तालुक्यात ज्यांच्या दारी गुरे किंवा कुत्रा आहे त्यांना हा जीव नवा नाही. त्याला घालवण्याचे घरगुती उपायही ठरलेले असतात. मात्र त्यांतले काही उपाय गोचिडापेक्षा घातक आहेत, आणि गोचिडामुळे माणसालाही ताप येतो हे पुष्कळांच्या ध्यानीमनी नसते.

गोचीड हा कोळ्याच्या कुळातला, आठ पायांचा जीव. त्याच्या निरनिराळ्या जाती गुरे, कुत्री, इतकेच काय धामण व घोरपड यांच्याही अंगावर आढळतात. कुत्र्यावरची मादी रक्त पिऊन टम्म फुगली की गळून पडते आणि भिंतीच्या फटीत हजारांनी अंडी घालते. जांभ्या चिऱ्याची भोके म्हणजे तिला आयतेच घर! त्यामुळे कुत्र्याला कितीही आंघोळ घाला, पडवी तशीच राहिली तर पुन्हा तीच गत.

म्हणून जनावर आणि जागा, दोन्हींची व्यवस्था एकाच वेळी करावी. फटी बुजवाव्यात, गोठ्याचे कोपरे झाडावेत, कुत्र्याखालचे गोणपाट उकळत्या पाण्यात टाकावे किंवा जाळावे. औषध पशुवैद्यकाला विचारूनच आणावे. घरातल्या सर्व जनावरांना ते एकदमच लावावे आणि सांगितलेल्या दिवशी पुन्हा लावावे. फुटलेल्या अंड्यांतून नवी पिल्ले निघतात, त्यांचा बंदोबस्त दुसऱ्या खेपेस होतो.

शेतीसाठी आणलेले कीटकनाशक जनावराच्या अंगावर कधीही ओतू नये. ते कातडीतून शरीरात भिनते, जनावर अंग चाटते आणि लावणाऱ्यालाही विषबाधा होऊ शकते. कुत्र्याचे औषध मांजराला लावू नये. त्यातले काही मांजराच्या जिवावर उठते. औषध लावल्यावर माणसाच्या तोंडाला लाळ सुटणे, उलट्या, घाम, डोळ्यांपुढे अंधारी अशी लक्षणे दिसली तर अंगावरचे कपडे काढून साबणाने अंग धुवावे आणि वेळ न दवडता रुग्णालय गाठावे. आपल्याकडे कळंबणीला उपजिल्हा रुग्णालय आहे. जाताना औषधाची बाटली बरोबर न्यावी.

चिकटलेला गोचीड रॉकेल टाकून किंवा उदबत्तीचा चटका देऊन काढू नये. बारीक चिमट्याने कातडीलगत धरून सरळ वर ओढावा. नखाने चिरडू नये. त्याच्या शरीरातले जंतू बोटावरच्या ओरखड्यातून आत जाऊ शकतात. नंतर जागा व हात साबणाने धुवावेत.

आता तापाविषयी. गोचिडाच्या चाव्यातून ‘रिकेट्सिया’ जातीचे जंतू शरीरात गेले तर आठवडा-दोन आठवड्यांत जोराचा ताप, डोकेदुखी व अंगदुखी सुरू होते. पुढे अंगावर पुरळ येते, तळहात-तळपायांवरही. महाराष्ट्रात लहान मुलांमध्ये हा ताप आढळलेला आहे. मलेरिया, डेंग्यू आणि लेप्टोच्या गर्दीत तो सहज निसटतो. वेळीच ओळखला तर डॉक्सिसायक्लिनसारख्या स्वस्त औषधाने बहुधा दोन-तीन दिवसांत उतार पडतो. उशीर झाला तर मेंदू, फुफ्फुसे, मूत्रपिंडे यांना इजा होते. ते औषध मात्र मनाने घेऊ नये.

जंगलातल्या गोचिडांमुळे होणारा माकडताप वेगळा. १९५७ साली कर्नाटकातील क्यासनूरच्या जंगलात तो प्रथम ओळखला गेला आणि २०१६ साली आपल्या शेजारच्या सिंधुदुर्गात, दोडामार्ग तालुक्यात त्याची साथ आली. त्यावर नेमके औषध नाही. म्हणून लाकूडफाट्याला किंवा काजूच्या बागेत जाताना अंगभर कपडे घालावेत आणि घरी आल्यावर काखा, जांघा, कानामागची जागा तपासावी.

ताप आला की आपण डॉक्टरांना काय खाल्ले, कुठे भिजलो हे सारे सांगतो. त्यात एका वाक्याची भर घाला : ‘घरी जनावर आहे, परवा त्याचे गोचीड काढले होते.’ नाडी आणि तपासणीतून जे कळत नाही, ते कधीकधी या वाक्यातून कळते. पुरळ उठण्याची वाट पाहू नका.