भाड्याच्या घरांतील ॲस्बेस्टॉस सुरक्षा

भाड्याच्या घरांतील ॲस्बेस्टॉस सुरक्षा म्हणजे ॲस्बेस्टॉसयुक्त बांधकाम साहित्यामुळे भाडेकरूंच्या आरोग्याला होणारा अपाय टाळण्यासाठी घ्यावयाची खबरदारी व त्यासंबंधीच्या कायदेशीर तरतुदी होत. महाराष्ट्रात हा विषय मुख्यतः छपरावरील पन्हळी सिमेंट पत्र्यांशी निगडित आहे. छप्पर घरमालकाचे असते, परंतु त्यातून निघणारी धूळ घरात राहणाऱ्यांच्या श्वासात जाते. त्यामुळे दुरुस्ती कोणी व कशी करावी, हा या विषयातील कळीचा प्रश्न आहे.

स्वरूप

ॲस्बेस्टॉस हे तंतुमय रचना असलेल्या सहा नैसर्गिक सिलिकेट खनिजांचे सामूहिक नाव आहे. ही खनिजे उष्णतारोधक, चिवट व स्वस्त असल्याने विसाव्या शतकात बांधकामात त्यांचा मोठा वापर झाला. भारतात क्रायसोटाइल, म्हणजेच पांढरे ॲस्बेस्टॉस, सिमेंटमध्ये मिसळून पत्रे व नळ बनवले जातात. चाळी, बैठी घरे, वाढीव खोल्या आणि गोठे यांवर असे पत्रे आढळतात. जुन्या पत्र्यांचे तुकडे मोरीच्या आडोशासाठीही वापरले जातात.

आरोग्यावरील परिणाम

ॲस्बेस्टॉसचे सूक्ष्म तंतू डोळ्यांना दिसत नाहीत. श्वासावाटे फुप्फुसात गेल्यावर ते दीर्घकाळ तेथेच राहू शकतात. त्यांमुळे ॲस्बेस्टॉसिस, फुप्फुसाचा कर्करोग आणि फुप्फुस किंवा उदर यांच्या आवरणाचा मेसोथेलिओमा हा कर्करोग होऊ शकतो. आंतरराष्ट्रीय कर्करोग संशोधन संस्थेने ॲस्बेस्टॉसच्या सर्व प्रकारांचा समावेश मानवामध्ये कर्करोग निर्माण करणाऱ्या घटकांच्या पहिल्या गटात केला आहे. संपर्क आणि आजार यांत अनेकदा २० ते ४० वर्षांचे अंतर असते, त्यामुळे आजाराचे कारण ओळखणे अवघड जाते. धूम्रपान करणाऱ्यांमध्ये फुप्फुसाच्या कर्करोगाचा धोका आणखी वाढतो.

धोका केव्हा उद्भवतो

सिमेंट पत्र्यात तंतू सिमेंटने घट्ट बांधलेले असतात. अखंड व सुस्थितीतील पत्र्याखाली राहण्यातील धोका तुलनेने कमी मानला जातो. पत्रा कापला, घासला, फोडला किंवा त्याला भोक पाडले, की तंतू मोकळे होतात. ऊन-पावसाने पृष्ठभाग झिजल्यासही असेच घडते. सिमेंट पत्रे ॲस्बेस्टॉसशिवाय इतर तंतू वापरूनही बनवले जातात. नुसत्या डोळ्यांनी त्यांतील फरक ओळखता येत नाही, तो प्रयोगशाळेतील तपासणीनेच कळतो. तपासणी झाली नसल्यास पत्र्यात ॲस्बेस्टॉस आहे असे गृहीत धरणे सुरक्षित ठरते.

भाडेकरूंनी घ्यावयाची खबरदारी

* पंखा, दिवा किंवा डिश अँटेना बसवण्यासाठी पत्र्याला भोक पाडू नये; आधार छपराच्या सांगाड्याचा किंवा भिंतीचा घ्यावा.
* पत्र्यावरील शेवाळ तारेच्या ब्रशने खरवडू नये. कोरड्या पत्र्यावर पॉलिश कागद वापरू नये.
* छपरावर चढू नये. जुना पत्रा ठिसूळ होतो व वजनाने अचानक फुटतो.
* पावसाळ्यापूर्वीच्या दुरुस्तीत यंत्राने पत्रे कापले जाणार असल्यास लहान मुलांना व इतरांना दूर ठेवावे.
* पत्र्याचे जुने तुकडे घरकामासाठी पुन्हा वापरू नयेत.

पत्रा फुटल्यास खोलीतील पंखा बंद करावा व इतरांना बाहेर पाठवावे. तुकडे पाण्याच्या फवाऱ्याने ओले करून, न मोडता उचलावेत आणि जाड प्लास्टिकच्या दुहेरी पिशवीत बंद करावेत. कोरडा झाडू किंवा घरगुती व्हॅक्यूम क्लीनर वापरू नये, कारण त्यामुळे तंतू पुन्हा हवेत उडतात. जागा ओल्या फडक्याने पुसून ते फडकेही त्याच पिशवीत टाकावे. रुमाल किंवा साधा कापडी मास्क या तंतूंपासून पुरेसे संरक्षण देत नाही. मोठ्या प्रमाणावर पत्रे काढण्याचे काम भाडेकरूने स्वतः करू नये.

कायदेशीर स्थिती

भारतात ॲस्बेस्टॉसच्या खाणींसाठी नवे पट्टे देणे १९८६ मध्ये थांबवण्यात आले. तथापि क्रायसोटाइलची आयात व पत्र्यांसाठी त्याचा वापर यांवर सरसकट बंदी नाही. सर्वोच्च न्यायालयाने १९९५ मध्ये ग्राहक शिक्षण व संशोधन केंद्राच्या याचिकेवरील निकालात कामगारांच्या आरोग्यनोंदी किमान ४० वर्षे जतन करण्याचे निर्देश दिले. हे निर्देश उद्योगांतील कामगारांसाठी आहेत. घरांतील रहिवाशांचा त्यांत विचार नाही.

भाडेकरूला आधार मिळतो तो दुरुस्तीविषयक सामान्य तरतुदींचा. महाराष्ट्र भाडे नियंत्रण अधिनियम, १९९९ च्या कलम १४ नुसार, विरुद्ध करार नसल्यास, जागा राहण्यायोग्य स्थितीत ठेवणे घरमालकावर बंधनकारक आहे. किमान १५ दिवसांची नोटीस देऊनही वाजवी मुदतीत दुरुस्ती न झाल्यास भाडेकरू ती स्वतः करून खर्च भाड्यातून वळता करू शकतो. मात्र ही रक्कम त्या वर्षाच्या भाड्याच्या एक चतुर्थांशाहून अधिक असू शकत नाही. जुन्या, नाममात्र भाड्याच्या खोल्यांत एवढ्या रकमेत छप्पर बदलणे शक्य होत नाही. लिव्ह अँड लायसन्स कराराने राहणाऱ्यांच्या बाबतीत करारातील दुरुस्तीच्या अटी निर्णायक ठरतात. म्हणून फुटलेल्या पत्र्याची छायाचित्रे व घरमालकाला दिलेल्या लेखी सूचनेची प्रत जपून ठेवणे उपयुक्त ठरते.

ब्रिटनमधील स्थिती

ब्रिटनमध्ये १९९९ मध्ये क्रायसोटाइलवरही बंदी आली, तरी जुन्या इमारतींत ॲस्बेस्टॉस शिल्लक आहे. तेथील २०१२ च्या ॲस्बेस्टॉस नियंत्रण नियमांनुसार निवासी इमारतींतील जिने, मार्गिका यांसारख्या सामाईक भागांतील ॲस्बेस्टॉसची नोंद व देखरेख ठेवणे इमारतीच्या देखभालीस जबाबदार असलेल्यांवर बंधनकारक आहे. घराच्या आतील भागाला मात्र हे कर्तव्य लागू होत नाही. तेथे घरमालकाच्या दुरुस्तीविषयक व राहण्यायोग्यतेच्या कायद्यांचा आधार घ्यावा लागतो.