निळ्या ड्रमचा पूर्वेतिहास

घरातली रसायनं : भाग ९

मागच्या भागानंतर आलेले जवळजवळ सगळे प्रश्न बाटलीच्या बुडाशी असलेल्या त्रिकोणाबद्दल होते. एक नंबर वाईट का, पाच नंबर चांगला का, सात नंबर दिसला तर बाटली फेकून द्यायची का. त्याचं उत्तर थोडक्यात देऊन पुढे जातो. हा आकडा १९८८ साली अमेरिकेतल्या प्लास्टिक उत्पादकांच्या संघटनेनं आणला, तो भंगारातलं प्लास्टिक निवडणाऱ्यांच्या सोयीसाठी. १ म्हणजे पेट, २ म्हणजे एचडीपीई, ५ म्हणजे पॉलिप्रॉपिलीन. त्यावरून प्लास्टिकची जात कळते. ते अन्नाला चालेल की नाही, हे कळत नाही. खाद्यतेलाच्या पाच लिटरच्या कॅनवर २ असतो, आणि भंगाराच्या दुकानाबाहेर एकावर एक रचलेले निळे ड्रमही त्याच जातीचे असतात. आजचा भाग त्या ड्रमबद्दल आहे.

पुण्याहून सोलापूरकडे निघालं की चौफुला, पाटस मागे पडतं आणि कुरकुंभ येतं. डावीकडे दौंड, उजवीकडे बारामती. देवीला येणाऱ्यांचं हे फिरंगाईचं कुरकुंभ, बाकी सगळ्यांचं एमआयडीसीचं. इथली वसाहत मुख्यतः रसायनांची आणि औषधांच्या कच्च्या मालाची. प्लास्टिक आणि अन्न या दोन्ही धंद्यांना लागणारी काही रसायनंही इथंच होतात. क्लीन सायन्स अँड टेक्नॉलॉजी या पुण्याच्या कंपनीचे कारखाने कुरकुंभला आहेत. तिथं एमईएचक्यू बनतं. अ‍ॅक्रिलिकचा कच्चा माल टाकीतच गोठून घट्ट होऊ नये म्हणून ते चिमूटभर घालतात. तेल-तूप खवट होऊ नये म्हणून वापरतात ते बीएचए तिथं बनतं, आणि उन्हानं प्लास्टिक तडकू नये म्हणून मिसळायचे स्थिरकही या कंपनीच्या कुरकुंभच्या कारखान्यात होतात. सांगायचा मुद्दा असा, की डब्याचं प्लास्टिक म्हणजे नुसतं प्लास्टिक कधीच नसतं. त्यात असे दोन-चार पाहुणे असतातच. ते किती असावेत आणि त्यांतले किती अन्नात उतरले तर चालतील, याचे नियम आहेत. नव्या, अन्नासाठीच बनवलेल्या डब्याची मला म्हणूनच फारशी धास्ती वाटत नाही.

ड्रमची गोष्ट वेगळी आहे. कारखान्याला कच्चा माल येतो तो २०० लिटरच्या ड्रममधून, ३५ किंवा ५० लिटरच्या कारब्यांतून, नाहीतर लोखंडी पिंजऱ्यात बसवलेल्या १००० लिटरच्या टाकीतून. माल संपला तरी भांडं धडधाकट. गंजत नाही, फुटत नाही, नव्या टाकीच्या मानानं फारच स्वस्त. तेव्हा ते गावात येतंच. दौंड-शिरूरच्या कुठल्याही वाडीवर पाहा, ओसरीच्या कोपऱ्यात एक निळा ड्रम असतो. टँकर आला की त्यात पाणी भरायचं. सुगीत त्यातच गहू, बाजरी. झाकणाच्या दोन बुचांपैकी एक हरवलेलं, तिथं चिंधी कोंबलेली. अंगावर लेबल खरवडल्याच्या खुणा आणि ‘यूएन १एच१’ अशी काहीतरी उठावाची अक्षरं. ही अक्षरं पाहून ‘कंपनीचा चांगला माल आहे’ असं विकणारा सांगतो. ते खरंही आहे, पण ती खूण घातक मालाच्या वाहतुकीची आहे. ट्रकमधून पडला तरी ड्रम फुटणार नाही, एवढीच हमी तीत आहे.

‘धुऊन घेतलाय की चांगला’, हे पुढचं वाक्य ठरलेलं. सोडा, निरमा, चुलीवरचं कढत पाणी, वर दोन दिवस ऊन. मग वासही जातो. इथं जरा थांबायला हवं, कारण धुण्याबद्दलची आपली समजूत पितळेच्या आणि स्टीलच्या भांड्यांवर घडलेली आहे. धातूवर जे असतं ते वरवर असतं, घासलं की जातं. प्लास्टिक तसं घट्ट नसतं. एचडीपीईच्या लांबच लांब साखळ्या काही भागांत नीट घड्या घालून बसलेल्या असतात, तर मधल्या भागांत सैल, गुंतलेल्या. त्या सैल भागांत लहान रेणू शिरतात. याचा पुरावा घरातच आहे. प्लास्टिकच्या डब्याला लागलेली हळद कितीही घासा, पिवळेपणा राहतोच, आणि ज्यात वर्षभर लोणचं ठेवलं त्या डब्यात पुढं साखर ठेवली तरी झाकण उघडताच हिंगाचा वास येतो. हळद आणि हिंग पृष्ठभागावर नसतातच, ते आत गेलेले असतात.

ड्रममध्ये टोल्युइन, झायलीन यांसारखं द्रावण महिनोन्‌महिने राहिलं असेल तर नेमकं हेच होतं. ते भिंतीत मुरतं. धुण्यानं वरचा थर निघतो, आतला तसाच राहतो, आणि मग ड्रममध्ये जे भराल त्यात तो हळूहळू परत येत राहतो. पहिल्या दिवशी जास्त, नंतर कमी. उन्हानं थोडा फायदा होतो, कारण उडणारी द्रव्यं उष्णतेनं बाहेर पडतात. पण जी सहज उडत नाहीत, जड आणि तेलकट असतात, ती उन्हाला दाद देत नाहीत. त्यांना बऱ्याचदा वासही नसतो. त्यामुळे वास गेला म्हणजे ड्रम स्वच्छ झाला, हा हिशेब चुकतो. नुसतं गंधकाचं आम्ल किंवा कॉस्टिकचं पाणी असलेला ड्रम मात्र भरपूर पाण्यानं खरोखर धुतला जातो, कारण ही द्रव्यं या प्लास्टिकमध्ये मुरत नाहीत. अडचण एवढीच, की आपल्या ड्रममध्ये यांतलं काय होतं हे लेबलवर लिहिलेलं होतं, आणि लेबल विकणाऱ्यानं आधीच खरवडलेलं आहे.

भरायची वस्तू कोणती, यानंही फरक पडतो. असली द्रव्यं पाण्यात कमी उतरतात, तेलात भराभर. शेंगदाण्याचं तेल, लोणचं, तूप यांना जुना ड्रम किंवा कारबा अजिबात नको. कोरडं धान्य त्यामानानं कमी ओढतं, पण दाण्यातही तेल असतंच आणि कणगीसारखं ते महिनोन्‌महिने तिथंच पडून राहतं. जनावरांच्या पाण्यालाही नको, दूध आपणच पितो. शेणकालवणाला, घराच्या कामावर सिमेंटला पाणी मारायला, संडासच्या पाण्याला वापरा. जीवामृताचं तर प्रमाणच २०० लिटरच्या ड्रमवर बसवलेलं आहे. मात्र ड्रममध्ये आधी जंतुनाशक असेल तर जीवामृतातले जिवाणू मरतील आणि शेतकरी शेणाला दोष देईल. आणखी एक, ड्रम उभा कापून हौद करायची पद्धत आहे. ज्वालाग्राही द्रावणाच्या रिकाम्या ड्रममध्ये वाफ भरलेली असते. लोखंडी ड्रमला गॅस कटर लावला की स्फोट होतो, माणसं दगावतात.

मग हे ड्रम गावात येतात कसे? कागदावर तर यायलाच नकोत. २०१६ च्या घातक कचरा नियमांत रसायनांनी माखलेले रिकामे पिंप आणि डबे हा स्वतंत्र प्रकार नोंदलेला आहे. ते निर्मळ करून किंवा परवानाधारकाकडेच द्यायचे, त्याची नोंद ठेवायची, देखरेख प्रदूषण नियंत्रण मंडळाची. शेजारच्या शिरूर तालुक्यात, रांजणगावला, घातक कचऱ्याची विल्हेवाट लावणारं सामाईक केंद्रही आहे. दुसऱ्या बाजूला अन्नाच्या भांड्यांचा कायदा आहे. अन्नसुरक्षा प्राधिकरणाच्या २०१८ च्या नियमांनुसार वेष्टनातून अन्नात उतरणारी एकूण द्रव्यं किलोमागे ६० मिलिग्रॅमच्या आत हवीत, डीईएचपी हा थॅलेट १.५ मिलिग्रॅमच्या आत, अँटिमनी ०.०४ च्या आत. त्यासाठी पाणी, पातळ आम्ल, मद्यार्क आणि तेलाऐवजी हेप्टेन भरून, उदाहरणार्थ ४० अंशांवर १० दिवस ठेवून, किती उतरलं ते मोजतात. चाचणी चांगली आहे. पण ती होते नव्या वेष्टनाची, आणि नियम लागू होतो अन्नाचा धंदा करणाऱ्याला. भंगारातून घेतलेला ड्रम एका खात्याच्या वहीत कचरा म्हणून संपलेला असतो आणि दुसऱ्या खात्याच्या वहीत भांडं म्हणून कधी येतच नाही. आपल्या ओसरीवर तो उभा आहे याची सरकारदरबारी नोंदच नाही. माझ्या मते प्लास्टिकच्या सुरक्षिततेतलं आपल्याकडचं सगळ्यात मोठं भगदाड हे आहे. बाटली गाडीत तापली तर डायॉक्सिन सुटतं, हा फॉरवर्ड आपण वर्षानुवर्षं वाचतो. पेटच्या बाटलीतून डायॉक्सिन सुटत नाही. ड्रमबद्दल मात्र कुणीच फॉरवर्ड करत नाही.

पिण्याचं पाणी साठवायचं असेल तर आयएस १२७०१ अशी खूण असलेली नवी टाकी घ्यावी, लहान का होईना.

आता विकतच्या पाण्याचा जार. कुरकुंभ, पांढरेवाडी परिसरातल्या विहिरींच्या पाण्याबद्दलच्या तक्रारी जुन्या आहेत, त्यामुळे जारचं पाणी इथं चैन राहिलेली नाही. पारदर्शक निळसर, टणक जार बहुधा पॉलिकार्बोनेटचा असतो, आणि पॉलिकार्बोनेट बनतं बिस्फेनॉल-ए पासून. हे द्रव्य शरीरातल्या इस्ट्रोजेनची नक्कल करतं, हे १९३६ पासून माहीत आहे. ते प्लास्टिकमधून सुटतं हे १९९३ साली स्टॅनफर्डमध्ये योगायोगानंच कळलं. यीस्टवरच्या प्रयोगात कुठून तरी इस्ट्रोजेनसारखं काही येत होतं. शोध घेतला तर ते वाफेनं निर्जंतुक केलेल्या पॉलिकार्बोनेटच्या फ्लास्कमधून येत होतं. आपल्याकडे २०१५ पासून बाळाच्या दुधाच्या बाटलीला हे प्लास्टिक चालत नाही. २०२३ साली युरोपच्या अन्नसुरक्षा संस्थेनं रोज चालणारं प्रमाण २०,००० पटींनी खाली आणलं. थंड पाण्याच्या जारमधून ते फार थोडं उतरतं. गरम कॉस्टिकनं वारंवार धुतलेला, ओरखड्यांनी पांढुरका झालेला जार मात्र परत द्यावा. भरणाऱ्याला दुसरा मागायला संकोच कशाला?

आणि चहा. कंपनीच्या गेटपाशी टपरीवरून शिफ्टसाठी दहा कप चहा पिशवीत बांधून जातो, गाठ मारलेली, पिशवी फुगलेली, हातात धरवत नाही इतकी गरम. चहात दूध, दुधात स्निग्धांश, वर ८०-९० अंश. प्लास्टिकमधलं काही काढून घ्यायला याहून चांगली सोय नाही. पिशवी नव्या दाण्याची असेल तर निघतं ते बरंचसं निरुपद्रवी. काळी किंवा रंगीत पिशवी मात्र बहुधा भंगारातून पुन्हा केलेली असते, म्हणजे तिचाही पूर्वेतिहास कुणाला ठाऊक नसतो. पुनर्वापरातल्या प्लास्टिकच्या पिशवीत तयार खाद्यपदार्थ देऊ नये असा नियम २०१६ साली झाला होता, आणि २०१८ च्या मार्चमध्ये तर राज्यानं पिशव्यांवरच बंदी घातली. पिशवी नको म्हणून कागदी कप घेतला, तरी त्यालाही आतून प्लास्टिकचं अस्तर असतं. खरगपूरच्या आयआयटीनं २०२० साली मोजलं, तेव्हा १०० मिलिलिटर गरम पाण्यात १५ मिनिटांत प्लास्टिकचे सुमारे २५,००० कण उतरले. शिफ्टमधल्या एकानं घरून स्टीलची किटली आणली आणि टपरीवाल्याकडेच ठेवली, तर हा प्रश्न तिथल्या तिथे मिटतो.

पुढच्या आठवड्यात दौंड तालुक्यातल्या गुऱ्हाळांकडे जाऊ. चुलाणात चिपाडाऐवजी प्लास्टिक जाळण्याच्या तक्रारी तिथून वारंवार येतात.