डाव्या हाताचा मळ नव्हे!



मी कीबोर्डचा वर्ग घेते हे आता गावात सगळ्यांना ठाऊक झालंय. त्यामुळे बाजारात, बसस्टँडवर, अगदी हळदीकुंकवाला गेलं तरी एक प्रश्न ठरलेला असतो. "ताई, मुलीला कीबोर्ड घ्यायचाय, कुठला घेऊ?" आणि पाठोपाठ, "दुकानदार म्हणतो, यात सहाशे आवाज आहेत." आज मी त्या सहाशे आवाजांबद्दल बोलणार नाही. एका वेळी एकच सूर वाजवायचा आणि तो गळ्यातून निघाल्यासारखा वाटला पाहिजे, ऑर्केस्ट्रातली मंडळी ज्याला लीड किंवा सोलो म्हणतात, ते ज्यांच्यावर सुंदर होतं अशा काही सिंथेसायझरांबद्दल बोलणार आहे. ती माझी आवडती वाद्यं. त्यांतली बरीचशी मी फक्त ऐकली आहेत, पण ती आवडतात का, हे समजलं की तुमच्या मुलीचा कीबोर्ड तुम्हीच निवडाल.

आधी माझी चूक सांगते. आमच्या भजनी मंडळात मी पेटी वाजवायची. बचत गटातून कर्ज काढलं, बारा हप्त्यांचं, आणि कीबोर्ड आणला. आवाज भरपूर, ठेके भरपूर, लुकलुकणारे दिवे. पहिल्याच एकादशीला बासरीचा आवाज लावून अभंगाआधी थोडा आलाप वाजवला. मंडळातल्या सगळ्यांत ज्येष्ठ आक्का शेजारीच बसल्या होत्या. झाल्यावर म्हणाल्या, "बासरी आहे खरी, पण जिना चढतीय गं." मला रागच आला. रात्री मोबाइलवरचं रेकॉर्डिंग ऐकलं, तर आक्कांचं खरं निघालं. सा वरून रे, रे वरून ग, टक, टक, टक. बासरीवाला असा वाजवतो का? त्या कीबोर्डला डाव्या बाजूला सूर वाकवायचं चाकच नव्हतं. ते असावं लागतं हे मला माहीत नव्हतं, दुकानदाराने सांगितलं नव्हतं, आणि हप्ते अजून अकरा बाकी होते.

आता हे चाक म्हणजे काय प्रकरण आहे ते बघू. गाणारी बाई सा वरून ग वर जाते तेव्हा मधली वाट ती गाळत नाही. घसरत जाते, कुठे रेंगाळते, पोचल्यावर सूर किंचित हलवते, मोठा करते, पुन्हा बारीक करते. सूर सुरू झाला म्हणजे तिचं काम संपलं असं नाही, खरं काम तिथून पुढे असतं. पट्टी दाबायच्या वाद्यात मात्र पट्टी दाबली की सूर ठरला. रे आणि ग यांच्या मधे काहीच नाही. पेटीवर मींड येत नाही ही तक्रार जुनीच आहे. याच आणि अशाच कारणांनी आकाशवाणीने 1940 पासून 1971 पर्यंत पेटीला बंदी घातली होती. (आणि आज मी रेडिओवरच पेटीचं कौतुक सांगतेय!) तरी पेटी कोरडी वाटत नाही, कारण डावा हात भात्यावर असतो. सूर चालू असताना त्याला श्वास देणं त्या हातात असतं. तुळशीदास बोरकरांची पेटी ऐकताना मींड नाही हे आपल्या लक्षातही राहत नाही. कीबोर्डला वीज आली, भाता गेला, आणि डावा हात रिकामा झाला. ज्या लोकांनी त्या रिकाम्या हाताला काम दिलं, त्यांची वाद्यं गातात.

हे पहिल्यांदा नीट ओळखलं ते फ्रान्सच्या मोरिस मार्तनो यांनी. ते मुळात चेलो वाजवणारे. 1928 साली त्यांनी लोकांपुढे आणलेल्या वाद्याला ओंद मार्तनो म्हणतात. उजव्या हाताच्या बोटात अंगठी घालायची, ती एका तारेला जोडलेली. बोट सरकवलं की सूर सरकतो. आणि डावा हात एका लहानशा कळीवर, ती जितकी दाबाल तितका आवाज मोठा. न दाबाल तर आवाजच नाही! म्हणजे पेटीच्या भात्याचाच विजेवर चालणारा भाऊ. पुढे त्याला पट्ट्याही आल्या, आणि त्या पट्ट्या आडव्या हलवता येत, म्हणजे बोट दाबलेलं ठेवून हलवलं की सूर आंदोलित व्हायचा. झान लोरियो या बाईंनी आयुष्यभर हे वाद्य वाजवलं. त्याच काळात थेरमिन नावाचं, हात न लावता हवेतच वाजवायचं वाद्य निघालं, आणि ते सर्वांत उत्तम वाजवणारीही बाईच. क्लारा रॉकमोर. ती व्हायोलिन वाजवायची, हाताच्या दुखण्याने ते सुटलं, तेव्हा ती थेरमिनकडे वळली. व्हायोलिनवालीचा कान असल्याशिवाय ते वाद्य कुणाला फारसं वश होत नाही.

आपल्याकडे या कुळातलं एक वाद्य तुम्ही सगळ्यांनी ऐकलंय. 1954 सालचा 'नागिन'. संगीत हेमंतकुमारांचं. त्यातली ती प्रसिद्ध बीन पुंगी नाही. ते क्लेव्हियोलाइन हे फ्रेंच बनावटीचं, छोट्या पट्ट्यांचं विजेवरचं वाद्य, आणि ते वाजवलं कल्याणजींनी, म्हणजे पुढच्या कल्याणजी-आनंदजी जोडीतले थोरले. एका वेळी एकच सूर वाजायचा, आणि आवाज कमी-जास्त करायला गुडघ्याने ढकलायची दांडी होती. बोटांचे खटके आणि त्यावर गुडघ्याचा श्वास, एवढ्यावर पडद्यावरचा नाग डोलला.

मग येतो मिनिमूग. अमेरिकेत रॉबर्ट मूग यांच्या कंपनीचा, 1970 सालचा. त्याआधीचे सिंथेसायझर म्हणजे तारांची जाळी लटकलेलं कपाट. हा मात्र उचलून स्टेजवर नेता यायचा. पट्ट्या फक्त 44. एका वेळी एकच सूर. जोरात दाबा की हळू, पट्टीला फरक कळत नाही. कागदावर बघितलं तर आजचा स्वस्त कीबोर्डही त्याच्यापेक्षा हुशार. पण डाव्या बाजूला दोन चाकं होती. एक सूर वर-खाली वाकवायचं, दुसरं सूर थरथरवायचं. ही दोन चाकं इतकी पटली की आज जगात कुठलाही कीबोर्ड बघा, असली तर ती तिथेच असतात.

मिनिमूगची आणखी एक खोड मला फार आवडते. पहिली पट्टी न सोडता तिच्या डावीकडची, म्हणजे खालची पट्टी दाबली, तर सूर नव्याने ठोकला जात नाही, आधीच्याच श्वासात बदलतो. आणि दोन पट्ट्या एकदम दाबल्या तर खालचाच सूर वाजतो. म्हणजे वरचा ग धरून ठेवायचा आणि रे ला नुसतं टिचकी मारल्यासारखं बोट लावायचं, की झाला खटका. एकच सूर वाजतो ही उणीव म्हणून सांगतात, पण गळ्यातून तरी एका वेळी किती निघतात?

हे चाक कसं वापरावं ते ऐकायचं असेल तर यान हॅमर ऐका. मूळचे चेकोस्लोव्हाकियाचे, 1971 पासून जॉन मॅकलॉफलिन यांच्या महाविष्णू ऑर्केस्ट्रात होते. गिटारवाला तार ओढून सूर चढवतो ना, तसं ते चाकाने करतात. डोळे मिटून ऐकलं तर गिटार कुठलं आणि मूग कुठला, चटकन कळत नाही. त्यांचा सूर थरथरतो तोही अंगठ्याने चाक हलवून, आणि माझ्या कानाला तरी तो यंत्राच्या थरथरीपेक्षा गोड लागतो. यंत्र एकाच वेगाने थरथरत राहतं. माणूस आधी सूर सरळ ठेवतो आणि मग हलवतो.

दुसरं आवडतं वाद्य यामाहाचं सीएस-80, 1977 च्या सुमाराचं. वजन जवळजवळ शंभर किलो, तेव्हा घरात आणायचा विषयच नाही. त्यात एका वेळी आठ सूर वाजायचे, आणि पट्टी दाबून झाल्यावर तीच आणखी दाबली तर सूर फुलायचा. याला आफ्टरटच म्हणतात. विशेष म्हणजे तीन बोटं खाली असताना त्यातलं एकच बोट दाबलं तर तेवढाच सूर पुढे यायचा. पट्ट्यांच्या वर एक लांब फीत होती, तिच्यावर बोट ओढलं की मींड. व्हँजेलिस या ग्रीक संगीतकाराने 1982 च्या 'ब्लेड रनर' चित्रपटात हे वाद्य असं वाजवलंय की वाटतं कुणीतरी लांब एकटंच रडतंय. आणि हो, त्यांना नोटेशन वाचता-लिहिता येत नव्हतं. "आम्हाला कुठे येतं नोटेशन" म्हणून मागे बसणाऱ्या बायकांनी हे ऐकून ठेवावं.

मुंबईत 1982 साली चरणजित सिंग यांनी सिंथेसायझरवर दहा राग डिस्कोच्या ठेक्यावर वाजवून तबकडी काढली. त्यातलं एक वाद्य रोलँडचं ज्युपिटर-8. तेव्हा तिकडे कुणी फारसं लक्ष दिलं नाही. 2010 मध्ये ती परदेशात पुन्हा निघाली आणि लोक थक्क झाले. आणि अलीकडची गोष्ट म्हणजे कंटिन्युअम. यात पट्ट्याच नाहीत, मऊ लाल कापडासारखा पृष्ठभाग असतो, बोट सरकवा, दाबा, वरखाली करा, प्रत्येक बोटाचं वेगळं ऐकलं जातं. 'दिल्ली-6' मधल्या 'रहना तू'च्या शेवटी ए. आर. रहमान यांनी ते वाजवलंय. सारंगी आणि माणसाचा आवाज यांच्या मधलं काहीतरी. कंटिन्युअम महाग आहे, आपल्या आवाक्यातलं नाही. पण ऐकणं फुकट आहे.

आता आपल्या दुकानात येऊ. सहाशे आवाज दाखवू द्या, ऐकून घ्या, आणि मग डाव्या टोकाकडे बघा. चाक किंवा आडवी हलणारी छोटी दांडी आहे का? नसेल तर लीडसाठी तो कीबोर्ड नको. जुना घेत असाल तर एक सूर दाबून धरा, चाक पूर्ण ओढून सोडून द्या. सूर बरोबर मूळ जागी आला पाहिजे. झिजलेलं चाक किंचित बेसूर जागी थांबतं, आणि मग मंडळात सगळे तुमच्याकडे बघतात. आफ्टरटच असला तर उत्तम, कमी किमतीत तो बहुधा नसतो. पियानोचा आवाज लावून मींड तपासू नका, तो दाबल्यापासून विरतच जातो. बासरी, व्हायोलिन किंवा साधा सिंथ लीड लावा.

मी काय केलं? कर्जाचा कीबोर्ड ठेक्यांसाठी ठेवला. मग पंचवीस पट्ट्यांचा, स्वतःचा आवाज नसलेला, पण दोन चाकं असलेला छोटा मिडी कीबोर्ड घेतला आणि वायरने मोबाइलच्या अ‍ॅपला जोडला. नव्या कीबोर्डच्या मानाने खर्च बराच कमी.

आणि रियाज असा. चाक पूर्ण फिरवल्यावर सूर किती सरकावा हे ठरवायची सोय बहुतेक ठिकाणी असते, तिला बेंड रेंज म्हणतात. ती दोनवर ठेवा. मग सा दाबून चाक पूर्ण वर नेलं की शुद्ध रे येतो. हे जमलं की उलटं करा. चाक आधीच पूर्ण खाली ओढून ठेवा, मग ग दाबा. ऐकू येईल रे. आता चाक हळूहळू सोडा, सूर ग वर चढेल. (रेडिओवर इथे मी वाजवून दाखवलं होतं. वाचताना तुम्ही गुणगुणा, तेच आहे.) चाकाला स्प्रिंग असते, ते पटकन मागे पळतं, म्हणून अंगठा सोडायचा नाही. पहिले पंधरा दिवस सगळं बेसूर येतं. येऊ द्या. मधे मधे थांबा, गाताना श्वास घ्याल तिथे थांबा. मी तर वाजवताना तोंडातल्या तोंडात गाते, जिथे माझा दम संपतो तिथे बोट उचलते.

एका आईने विचारलं होतं, मुलगी डावखुरी आहे, तिला जमेल का? माझ्या वर्गात एक डावखुरी मुलगी आहे. उजव्या हाताची बोटं अजून अडखळतात तिची, पण चाकावरचा ग तिला सगळ्यांच्या आधी लागला. पुढच्या वेळी तिला स्टुडिओत घेऊन येईन.