बुरुड राजाच्या कोटात

नालासोपारा म्हटलं की मुंबईकराला आठवते ती विरार लोकलच्या दारातली रेटारेटी. राजधानीत नोकरीला जाणाऱ्यांचं हे गाव, पहाटे निघायचं आणि रात्री परतायचं. मुद्दाम काही पाहायला म्हणून इथं फारसं कुणी येत नाही, आणि तीच मोठी खंत आहे. पश्चिमेला उतरून रिक्षावाल्याला ‘सोपारा गावात, स्तूपाजवळ’ असं सांगावं. इमारतींची दाटी जरा विरळ होते, नारळ दिसू लागतात आणि झाडांच्या सावलीत विटांचा एक ढासळलेला उंचवटा समोर येतो.

गावातली जुनी माणसं त्याला बुरुड राजाचा कोट म्हणतात. १८८२ साली पंडित भगवानलाल इंद्रजींनी हा ‘कोट’ खणायला घेतला, तेव्हा आत किल्लाबिल्ला काही नव्हता, होता तो बौद्ध स्तूप. मधोमध विटांच्या कोठीत एक मोठी गोल दगडी पेटी सापडली. झाकण उचललं तर मध्ये तांब्याचा करंडा आणि भोवती आठ लहान धातुमूर्ती, मैत्रेयासह आठ बुद्धांच्या. तांब्याच्या करंड्यात चांदीचा, त्यात दगडाचा, दगडाच्यात स्फटिकाचा आणि सगळ्यात आत सोन्याचा. एवढ्या बंदोबस्तात जपलं काय होतं? सोन्याची फुलं आणि मातीच्या भांड्याचे तेरा बारीक तुकडे. बुद्धाच्या भिक्षापात्राचे तुकडे म्हणून ते मानले गेले. सोबत सातवाहन राजा यज्ञश्री सातकर्णीचं चांदीचं नाणंही निघालं. नाणं दुसऱ्या शतकातलं, मूर्ती मात्र आठव्या-नवव्या शतकातल्या. म्हणजे मधे कधीतरी कुणी हा स्तूप उघडला, मूर्ती ठेवल्या आणि सगळं जिथल्या तिथं लावून पुन्हा बंद केला. लुटायला आलेल्या माणसाचं हे काम नव्हे. मला तर भगवानलालांइतकंच त्या अनाम माणसाचंही कौतुक वाटतं.

बुरुड राजाची गोष्ट मला ऐकायला मिळाली ती बाजारात, टोपल्या विणत बसलेल्या एका काकांकडून. पायाच्या अंगठ्यात बांबूची कांब धरून कोयतीनं ते तिच्या पातळ बेळा काढत होते. बेळ इतकी सारखी निघत होती की हात थांबेपर्यंत मला प्रश्न विचारवेना. राजा म्हणे स्वतः टोपल्या विणायचा, त्यांच्या विक्रीवर घर चालवायचा आणि रयतेचा पैसा स्वतःसाठी वापरायचा नाही. ‘म्हणून तर कोटाला त्याचं नाव राहिलं,’ काका म्हणाले. पूर्वी वसईच्या वाड्यांमधली फुलं, भाजी, केळी टोपल्यांतून मुंबईला जायची. प्लॅस्टिकच्या क्रेटनी तो धंदा बसवला. आता लग्नसराईत सुपं-परड्या जातात, आणि छठपूजेच्या आधी मात्र उसंत नसते. बिहार, उत्तर प्रदेशातून इथं येऊन राहिलेली कुटुंबं बांबूचंच सूप मागतात. नव्यानं आलेल्या माणसांनी जुन्या कसबाला हात दिला, हे ऐकून बरं वाटलं.

बाहेरून येणारी माणसं सोपाऱ्याला नवी नाहीतच. ‘पेरिप्लस’ या प्राचीन ग्रीक दर्यावर्दी ग्रंथातल्या बंदरांच्या यादीत हे गाव आहे. क्षत्रपांचा जावई उषवदात यानं इथं वाटसरूंसाठी निवारे बांधल्याचं नाशिकच्या पांडवलेण्यातल्या लेखात कोरलं आहे. आणि त्याच्याही आधी अशोक. त्याच्या आठव्या शिलालेखाचा तुकडा १८८२ मध्येच इथल्या भातेला तळ्याजवळ भगवानलालांना मिळाला, नवव्याचा १९५६ मध्ये भुईगावात. पूर्वीचे राजे शिकारीच्या सहलींना जात, आपण मात्र धर्मयात्रेला निघालो, वडीलधाऱ्यांना आणि गावोगावच्या लोकांना भेटलो, असं आठव्या लेखात अशोक सांगतो.

दोन्ही तुकडे आज मुंबईत, छत्रपती शिवाजी महाराज वस्तुसंग्रहालयात आहेत. स्तूपातली पेटी मुंबईच्याच एशियाटिक सोसायटीकडे गेली. वस्तू जपल्या गेल्या याचा आनंदच आहे. पण स्तूपाशी उभ्या राहिलेल्या माणसाच्या हाती काय येतं? संरक्षित स्मारकाला इजा केली तर काय शिक्षा होईल, ते पाटी बजावते. पेटीत काय होतं, हे तिथं मला कुठं वाचायला मिळालं नाही. ज्यांची श्रद्धा आहे ते बुद्धपौर्णिमेला येतात, मेणबत्त्या लावतात, लेकरांना माहिती सांगतात. बाकीचं नालासोपारा शेजारून निघून जातं.

परतताना चक्रेश्वराच्या देवळाकडे वळा. तिथं ब्रह्मदेवाची उभी, जुनी दगडी मूर्ती आहे. ब्रह्मदेव असा सहसा भेटत नाही, तेव्हा निवांत पाहावा. आणि इथल्या शाळांना एक विनंती. सहलीच्या बसगाड्या दूरदूर जातात, त्यातली एक तरी आधी सोपारा गावात आणा आणि तिथून थेट मुंबईच्या संग्रहालयात न्या. इथल्या पोरांनी आपल्या गावातून गेलेले ते दोन दगड स्वतःच्या डोळ्यांनी पाहायला हवेत.